आधी कंत्राटदार चढेल

आमचे हे गेले त्याला आता वर्ष होत आलं. पक्षाची मंडळी त्यांच्यावर स्मरणिका काढतायत म्हणे. परवा दोघं-तिघं आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, साहेबांविषयी चार ओळी सांगा. रंगाऱ्याचा आमदार कसा झाला, गोरगरिबांचा कळवळा कसा होता, असं काहीतरी." मी म्हटलं, चार ओळींत बसणारा माणूस असता तर मी त्याला कधीच घडी घालून कपाटात ठेवला असता. आणि कळवळ्याचं मला सांगू नका. असेल, नाही म्हणत नाही. पण हा माणूस राजकारणात गेला तो उट्टं काढायला गेला, आणि त्याला पाठवला मी. हे छापायची हिंमत असेल तर छापा, नाहीतर तुमचं तुम्ही रचा.

मंडळींनी एकमेकांची तोंडं बघितली. एकाने हळूच वही मिटली. म्हटलं, बरं झालं. ऐका आता नुसतं.

लग्न झालं तेव्हा हे घरं रंगवायचे. नुसतं भिंतीला हात मारणारे नव्हेत. चुना, तेलरंग, लाकडाचं पॉलिश, सगळं. कपडे वाटेल तेवढे धुवा, टर्पेंटाइनचा वास जायचा नाही. आम्ही धोब्याच्या दुकानामागे दोन खोल्यांत राहायचो आणि त्या दोन खोल्यांना जितकी दारं-खिडक्या होत्या तितके रंग होते. कुठल्या तरी डॉक्टरांकडे उरलेला हिरवा न्हाणीला, कुठल्या शाळेचा उरलेला पिवळा खिडकीला. ह्यांना त्याचं काही वाटायचं नाही. रस्त्याने जाताना मात्र दुसऱ्याच्या भिंतीपाशी थांबायचे आणि नखाने खरवडून बघायचे. "भेगांत लांबी नीट भरली नाहीय बघ," म्हणायचे. घरमालक आतून ओरडायचा, हे आपले पुढे. मला मेलीला लाज वाटायची.

माझ्या पाठचा भाऊ एकुलता एक. आईवडील लवकर गेले, त्याला मी वाढवला. चांगला उंच होता, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. मी सासरी आले आणि तो तिकडे एकटा राहिला, ते मला बघवेना. ह्यांना म्हटलं, त्याला तुमच्या हाताखाली घ्या. हे म्हणाले, "मेहुणा हाताखाली ठेवायचा म्हणजे ओरडायचं कुणावर?" पण घेतला. लंबू आला आणि घर बोलतं झालं. सकाळी डबा भरताना माझ्या डोक्यावरून हात घालून वरच्या फळीवरचा डबा काढायचा आणि म्हणायचा, "ताई, भावजींना शिडी लागते, मला फक्त माझी उंची." हे चिडायचे. खोटं खोटं.

रंगाऱ्यांची एक रीत होती, ती तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. उंच भिंत रंगवायची तर आधी परांची बांधतात. उभ्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, आडव्या बल्ल्या, दोर, वर फळ्या. ती ज्याने बांधली त्याने आधी एकट्याने वरपर्यंत चढायचं, फळीवर पाय आपटायचा, आणि मग खाली हाक मारायची. तोवर दुसऱ्याने शिडीला हातसुद्धा लावायचा नाही. कुणी शिकवलेलं नाही, लिहिलेलं नाही, पण कुणी मोडायचंही नाही. आमचे हे तर इतके जोरात पाय आपटायचे की लंबू खालून म्हणायचा, "भावजी, घर पाडायला सांगितलंय का रंगवायला?"

कंत्राटदाराचं नाव मी घेणार नाही. माणसं त्याला साखरतोंड्या म्हणायची. बोलणं असं की ऐकतच राहावं, आणि कामावर मात्र प्रत्येक गोष्टीत काटकसर. दोर जुने, फळ्या चिरलेल्या. बल्ल्या तर त्याच्याकडे कधीच पुरेशा नसायच्या. एका कामावरच्या उचलायच्या, दुसरीकडे लावायच्या.

त्या दिवशी मोठ्या दवाखान्याच्या इमारतीचं काम होतं. सकाळी ह्यांनी परांची बांधली, चढले, पाय आपटला, सगळं रीतीप्रमाणे. लंबू सकाळभर खाली दारांना पॉलिश करत होता. ते पॉलिश स्पिरिटमध्ये कालवतात. फडका हातात, बाटली शेजारी, अंगावर सांडलेलं. जेवणाची सुट्टी झाली. हे रंग आणायला दुकानात गेले. लंबू जेवला, आणि परांची सकाळी तपासलेलीच आहे म्हणून वर चढला. मधल्या दोन आडव्या बल्ल्या नव्हत्या. सुट्टीत कुणी तरी काढल्या होत्या. फळी त्याच्यासकट खाली आली.

मला बोलवायला कोण आलं, मी कशी गेले, ते सांगत नाही. सांगायचं ते दुसरंच आहे. मी पोचले तेव्हा लंबूवर चादर होती आणि साखरतोंड्या तिथल्या हवालदाराला सांगत होता, "काय बोलू साहेब, पोरगा हिऱ्यासारखा. पण संगत वाईट. दुपारी घेऊन आला असणार." हवालदार खाली वाकला, चादर उचलून त्याने वास घेतला, आणि मान हलवली. अहो, स्पिरिटचा वास! कामावरच्या सगळ्यांना माहीत होतं कशाचा वास आहे तो. साखरतोंड्यालाही माहीत होतं. माझ्या भावाने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं, आणि मेल्यावर तो दारुड्या झाला.

चौकशी झाली. मी मागच्या बाकावर बसले होते. हे उभे राहिले आणि म्हणाले, वास पॉलिशचा होता, आणि मधल्या बल्ल्या कंत्राटदाराने सुट्टीत काढून पलीकडच्या कामावर नेल्या. "त्यांच्यावर आमच्या रंगाचे शिंतोडे होते, मी ओळखल्या," म्हणाले. चौकशीचा साहेब चांगला माणूस वाटत होता. त्याने लेखणी खाली ठेवली. विचारलं, "काढताना तुम्ही स्वतः पाहिलंत?"

हे म्हणाले, "नाही साहेब."

"कुणी पाहिलं?"

कुणीच नाही. बाकीचे कामगार मूग गिळून बसले. प्रत्येकाला उद्या साखरतोंड्याच्याच दारात जायचं होतं. साहेबाने लेखणी उचलली आणि लिहिलं, नशेत चढला, स्वतःच्या चुकीने पडला. संपलं. लंबूचं सगळं आयुष्य त्या एका ओळीत गुंडाळून टाकलं त्यांनी.

दुसऱ्याच आठवड्यात साखरतोंड्या आमच्या घरी आला, हातात फळांची पिशवी. "ताई, देवाची मर्जी," म्हणाला. मग ह्यांच्याकडे वळून, "तुम्हाला मुकादम करायचं म्हणतोय. आधीच बोललो होतो ना." हे ताडकन उठले. इतका मऊ माणूस, पण त्याला दंडाला धरून दाराबाहेर घातला. फळं मी रस्त्यावर फेकली, एक एक करून, त्याच्या पाठीवर नेम धरून. दोनच लागली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी मी ह्यांना सांगितलं मला काय हवं ते. मला तो तुरुंगात नको होता. मेलेला तर मुळीच नको होता. मला तो चार माणसांत उभा हवा होता, घाबरलेला, पाय लटपटणारा, आणि त्याने मोठ्याने म्हणायला हवं होतं: तो प्यायला नव्हता, बल्ल्या मी काढल्या. बस. म्हटलं, "तुम्हाला जमेल त्या वाटेने जा. पण हे मला आणून द्या." हे म्हणाले, "आणून देतो." पुढे म्हणायचे, मी इतक्या निवडणुका लढलो पण वचन एकीलाच दिलं.

लोकांना वाटतं सूड म्हणजे रागाच्या भरात काहीतरी करून मोकळं होणं. छे! आमचा सूड वर्षानुवर्षं चुलीवर होता, मंद आचेवर. मी ढवळत राहिले.

साखरतोंड्याने अर्थातच ह्यांना काम बंद केलं. गावातल्या सगळ्या कंत्राटदारांना निरोप गेला. मी धोब्याकडे इस्त्री करायला लागले. हे घरोघर फिरून फुटकळ कामं करायचे आणि संध्याकाळी सायकलवाल्याच्या दुकानावर समाजवादी पक्षाची खोली होती, तिथे जाऊन बसायचे. तिथे एक मास्तर होते, पक्षाचे पुढारी, शाळा सोडून याच्यात पडलेले. त्यांनी ह्यांना पहिल्या दिवशी विचारलं, "समाजवाद म्हणजे काय, माहीत आहे?" हे म्हणाले, "नाही. तुमच्याकडे कंत्राटदाराविरुद्ध काही आहे का?" मास्तरांना हसू आवरेना. म्हणाले, "आहे. बसा."

रंगाऱ्यांची युनियन ह्यांनी बांधली. बोलता येत नव्हतं. भाषण करायला उभे राहिले की आवाज घशातच. मी त्यांना न्हाणीत उभं करून बोलायला लावायचे, बाहेरून ओरडायचे, "ऐकू येत नाही!" धोबी म्हणायचा, "बाई, तुमच्या घरी रोज सभा असते का?" हळूहळू आवाज बाहेर आला. माणसं ऐकायला लागली. मग निवडणूक.

पहिल्या निवडणुकीची गंमत सांगते. घरात इस्त्रीच्या पैशांवर चूल चाललेली. भिंती रंगवायचं काम आलं की हे नाही म्हणायचे नाहीत. त्यामुळे गावात विरोधी उमेदवाराची जेवढी नावं भिंतींवर होती ती सगळी आमच्या ह्यांच्या हातची! दिवसा त्याचं नाव रंगवायचं, संध्याकाळी त्याच्याविरुद्ध बोलायचं. अक्षर इतकं सुरेख की मी म्हटलं, अहो, जरा तरी बिघडवा. तर म्हणाले, "काम ते काम." पडले. विरोधक स्वतः येऊन हात मिळवून गेला, म्हणाला, तुमच्या अक्षरामुळे निवडून आलो.

दुसऱ्या वेळी मी ब्रश लपवून ठेवले. हे निवडून आले.

विधानसभेत पहिले काही महिने ह्यांना कुणी विचारत नव्हतं. नखांत रंग अडकलेला, कोट दुसऱ्याचा. एकदा बोलायला उठले तर समोरच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "भिंतीला हात लावू नका, आत्ताच रंगवलीय." सगळे हसले. घरी येऊन हे सांगत होते आणि स्वतःही हसत होते. मला मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "हसताय काय? कायदा कुठाय?"

कायदा ह्यांच्या डोक्यात तयार होता. रंगाऱ्यांची रीत उचलून त्यांनी कायद्यात घातली, फक्त माणूस बदलला. परांची बांधून झाली की, आणि दर जेवणाच्या सुट्टीनंतर, ज्याचं कंत्राट असेल त्याने स्वतः, कामगारांच्या देखत, वरच्या फळीपर्यंत चढून दाखवायचं. तो खाली उतरेपर्यंत एकाही कामगाराने पाय ठेवायचा नाही. झालं, सभागृहात नुसता गोंधळ. एक जण म्हणाला, उद्या म्हणाल आचाऱ्याने आधी स्वतः जेवून दाखवावं. हे म्हणाले, "आमच्याकडे घरी तसंच असतं." वर्तमानपत्रांत चित्रं यायला लागली, सुटलेल्या पोटाचा कंत्राटदार दोरीला लटकलेला. ती मी कापून ठेवायचे आणि इस्त्री करताना समोर लावायचे. हात भराभर चालायचा.

मास्तर घरी आले. सरकार डळमळीत होतं, आमच्या पक्षाची मतं त्यांना हवी होती, म्हणून कायदा मंजूर करायला ते तयार होते. पण "कंत्राटदार किंवा त्याचा प्रतिनिधी" असं करा म्हणत होते. मास्तर म्हणाले, "एवढ्याने काय बिघडतं?" मी हातातली इस्त्री आपटली. "मास्तर, प्रतिनिधी म्हणजे कोण? पुन्हा कुणाच्या तरी घरचा लंबूच ना? तोच चढणार, तोच पडणार." मग ह्यांना म्हटलं, "तो शब्द आत गेला तर तुम्ही बाहेरच राहा." मास्तर पुटपुटले, "तुम्ही उभं राहायला हवं होतं निवडणुकीला." ह्यांनी निरोप पाठवला, प्रतिनिधी आला तर अंदाजपत्रकाला मत नाही. मंत्री चार दिवस चरफडला आणि वाकला.

आणखी एक कलम होतं. त्यावरून भांडण झालं ते मात्र आपल्याच माणसांशी. ह्यांनी त्यात घातलं होतं, की परांचीची बल्ली काढताना जो बघेल आणि गप्प बसेल, तोही तितकाच दोषी. युनियनवाले खवळले. "आमच्याच माणसांवर खापर? साहेब, पोटासाठी गप्प बसतो माणूस." त्यांचं खरं होतं. मास्तर म्हणाले, काढून टाका. मीसुद्धा म्हटलं, "कशाला हवं ते? आपल्याला त्या साखरतोंड्याशी कर्तव्य आहे." हे एरवी कशालाही पटकन हो म्हणायचे. पण या कलमापाशी घोडं अडलं ते अडलंच. "ते राहील," एवढंच म्हणाले. मला वाटलं, चौकशीला जे कामगार गप्प बसले त्यांच्यावर ह्यांनी डूख धरलाय. मला ते आवडलंसुद्धा.

कायदा झाला.

आता साखरतोंड्या म्हातारा झाला होता. गुडघे गेलेले, हातात काठी. धंदा मुलगा बघायचा, पण मुलावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येक कंत्राट अजून स्वतःच्याच नावावर. म्हणजे चढायचं कोणी? त्यानेच. आम्ही वाट बघत होतो. मुलींच्या शाळेची नवी इमारत त्याच्याकडे होती, दोन मजले. परांची बांधून झाल्याची खबर युनियनकडून आली. मी ठेवणीतली साडी नेसले. लग्नाला जाताना नेसतात तशी. खोटं कशाला बोलू?

शाळेच्या आवारात सगळे कामगार जमले होते. रंगारी, गवंडी, सुतार, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायका. सरकारी तपासनीस एका बाजूला उभा, मास्तर आणि पक्षाची पोरं दुसऱ्या बाजूला. साखरतोंड्या मुलाबरोबर शिडीपाशी आला, वर बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "साहेब," तो ह्यांना म्हणाला, "वय झालं हो माझं." अजून तसंच साखरेत घोळलेलं. ह्यांनी परांचीभोवती एक चक्कर मारली, प्रत्येक गाठ हाताने चाचपली, एके ठिकाणी दोर सोडून पुन्हा बांधला. "पक्की आहे," म्हणाले. "चढा."

तो चढला. एकेक पावटी, थांबत, धापा टाकत. काठी खाली पडली. बायका हसल्या. मी नाही हसले. मी त्याच्या पोटऱ्या बघत होते. थरथरत होत्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू! पोटातून गार वाटलं. लोक म्हणतात सूड घेऊन माणसाला शांती मिळत नाही. त्यांनी कधी घेतलेला नसतो. मला मिळत होती.

वरच्या फळीवर पोचून तो दोन्ही हातांनी बल्लीला मिठी मारून बसला. तपासनिसाने हात वर केला, झालं म्हणून. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. हे माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "चल. झालं."

मला समजेना. "काय झालं? अजून तो बोललाय कुठे?"

"चढला ना. बास झालं. म्हातारा आहे, चल घरी."

मी त्यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम. मला वाटलं, दया आली, आमदार झाल्यापासून मऊ पडलेत. म्हटलं, तुमची दया तुमच्यापाशी ठेवा. पाट्या वाहणाऱ्या बायकांना हाक मारली. चौघींनी मिळून शिडी उचलली आणि बाजूला भिंतीला टेकवली. तपासनीस "अहो बाई, अहो बाई" करत राहिला.

वरती साखरतोंड्याला कळलं तसा तो ओरडायला लागला.

"ऐकू येतंय का?" मी म्हटलं. न्हाणीबाहेर ओरडून ओरडून माझाही आवाज चांगला तयार झाला होता. "दवाखान्याच्या कामावरून पडला तो माझा भाऊ. तो प्यायला होता का?"

"ताई, जुन्या गोष्टी कशाला—"

"मग बसा वर. आम्हाला घाई नाही."

वारा सुटला होता. परांची पक्की होती, पण वर बसलेल्याला ते कसं वाटणार? त्याने एकदा खाली बघितलं आणि डोळे गच्च मिटले. आणि मग अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडला, "नव्हता! प्यायला नव्हता! पॉलिशचा वास होता तो, मला माहीत होतं!"

"बल्ल्या कुणी काढल्या?"

"मी! माझ्या माणसांनी! आता लाव शिडी!"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी दातओठ खाल्ले ते मला मिळालं होतं, हवं होतं तसंच, चार माणसांत, मोठ्याने. मी बायकांना म्हणाले, लावा शिडी. पण तो थांबला नाही. भीतीने त्याच्या तोंडातली सगळी साखर विरघळून गेली होती.

"मला एकट्याला काय चढवता? तुझ्या नवऱ्याला विचार! शेजारी उभा होता तो! बल्ल्या सोडायला स्वतः हात लावला त्याने. गाठी त्याच्याच होत्या, दुसऱ्या कुणाला सुटेनात. म्हणाला, जेवण व्हायच्या आत परत आणा. मी म्हटलं आणतो, आणि तुला मुकादम करतो. हो म्हणाला की!"

मी ह्यांच्याकडे वळले. मला वाटत होतं हे आता ओरडतील, खोटं आहे म्हणतील, त्याला खाली ओढतील. हे नुसते उभे. हात खाली सोडलेले.

मी विचारलं, "काढताना तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं," हे म्हणाले.

तेवढा एक शब्द. चौकशीच्या दिवशी तो म्हटला असता तर साहेबाची लेखणी खालीच राहिली असती. लंबू दारुड्या झाला नसता. मला इतकी वर्षं दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करत भिंतीवरच्या चित्रांकडे बघत बसावं लागलं नसतं. त्यांनी तो शब्द गिळला, आणि मग त्याच्या बदल्यात मला युनियन दिली, निवडणूक दिली, अख्खा कायदा आणून दिला. सगळं दिलं, तो एक शब्द सोडून.

मला काय वाटलं ते विचारू नका. साखरतोंड्याचा राग येतो तसा राग नव्हता तो. तो तर परका होता. ह्यांच्या हातचं पाणी मी प्यायले होते.

साखरतोंड्या खाली आला. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मुलाने त्याला खांद्याला धरून नेलं.

"चढा," मी ह्यांना म्हटलं.

मास्तर पुढे आले. "वहिनी, लोक बघतायत."

"बघू देत. कायद्यात आहे ना, जो बघून गप्प बसला तो तितकाच दोषी? ह्यांनीच घातलंय. चढा."

हे चढले. तरुणपणी चढायचे तसे भराभर नाही, पण न थांबता. वर गेले आणि फळीवर पाय आपटला नाही. नुसते बसले, पाय खाली सोडून.

मी शिडीला हात घातला. कुणाला हाक मारली नाही. चौघींनी उचललेली शिडी, मला एकटीला कुठली पेलणार? मी ती खांद्याने ढकलली. ती एका बाजूला कलली आणि धाडकन आडवी झाली. धुरळा उडाला. पक्षाची दोन पोरं ती उचलायला धावली, तशी मी शिडीवरच बसले, ठेवणीतल्या साडीसकट. आमदाराच्या बायकोला हाताला धरून उठवणार कोण?

"वहिनी," मास्तर म्हणाले, "किती वेळ?"

वरून हाक आली, "अगं." एकदाच. मी वर बघितलं नाही.

जेवणाची घंटा झाली. सगळे डबे घेऊन झाडाखाली गेले. जेवले, हात धुतले, परत आले. त्या बल्ल्याही जेवण व्हायच्या आत परत यायच्या होत्या. मी उठले नाही.